काष्टीत अक्षरं किती?

दौंडहून मनमाडकडे निघालेली गाडी थोड्याच वेळात काष्टी स्टेशनावरून जाते. श्रीगोंदा तालुक्यातलं हे गाव, जनावरांच्या बाजारासाठी लांबवर माहीत असलेलं. पण आज बैलांचं नको, फलाटावरच्या पिवळ्या पाटीचं बोलू. देवनागरीत 'काष्टी' म्हणजे दोन अक्षरं. त्याच नावाची इंग्रजीत सहा होतात: के, ए, एस, एच, टी, आय.

आता ही सहाच्या सहा अक्षरं ज्यात आहेत, असा लांबलचक इंग्रजी शब्द शोधा. क्रम कोणताही चालेल. 'शिटाके' हे जपानी अळंबीचं नाव आठ अक्षरांत बसतं. 'हार्टसिक' नऊ अक्षरांचा, त्याला शेपूट जोडून 'हार्टसिकनेस' केलं की तेरा. 'थँक्सगिव्हिंग'मध्ये बारा अक्षरं आणि त्यात आख्खी काष्टी. मोबाईलवर हा शोध डोळ्याची पापणी लवायच्या आत होतो. छापील शब्दकोशात मात्र तो जवळजवळ अशक्य होता. कोशाचं दार एकाच बाजूनं उघडतं, शब्दाच्या पहिल्या अक्षराकडून. 'थँक्सगिव्हिंग'च्या पोटात 'के' आहे हे कोशाला माहीत असतं, पण तो सांगत नाही.

आणि ते पहिलं दारसुद्धा कुणाला आपोआप सापडलेलं नाही. रॉबर्ट कॉड्रीचा सुमारे अडीच हजार शब्दांचा इंग्रजी कोश १६०४ साली निघाला. आधी अक्षरांचा क्रम पाठ करा, मगच शब्द सापडेल, हे त्याला प्रस्तावनेत वाचकांना बजावून सांगावं लागलं. म्हणजे इंग्रजांनाही ए-बी-सी-डीच्या क्रमानं शोधायला शिकावंच लागलं होतं. त्या क्रमाला तसा अर्थही नाही. 'बी'नंतर 'सी' का, याचं उत्तर तोंडात कुठेच मिळत नाही. आपल्या क-ख-ग-घ-ङचं मिळतं, कारण सगळे उच्चार घशापाशी होतात. पुढे च-वर्ग टाळूशी, आणि असं करत करत प-वर्ग ओठांवर येतो.

मराठीचे छापील कोश आले तेव्हा हा क्रम तयारच होता. लिपीचा प्रश्न मात्र होता. विल्यम कॅरीनं १८१०मध्ये सेरामपूरहून काढलेल्या कोशात मराठी शब्द मोडीत छापले होते. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेलांटीचा भेद नाही, त्यामुळे काष्टीतली 'टी' पहिली की दुसरी, हा वादच तिथे संभवत नाही. (शुद्धलेखनात मार खाल्लेल्यांनी इथे एक उसासा टाकावा.) मग १८३१मध्ये मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आला, देवनागरीत. जेम्स मोल्सवर्थ, जॉर्ज आणि थॉमस कँडी हे जुळे भाऊ आणि शब्द गोळा करणारे मराठी शास्त्री, अशी ती मेहनत होती. १८५७च्या दुसऱ्या आवृत्तीत शब्दसंख्या साठ हजारांच्या घरात गेली. मला त्यातलं मोठेपण आकड्यापेक्षा दुसरीकडे दिसतं. बाजारातला, शेतातला, अगदी शिवीतला शब्दही कोशात बसण्याच्या लायकीचा मानला गेला. योगायोग असा, की पहिली आवृत्ती निघाली त्याच वर्षी अमेरिकन मिशननं अहमदनगरात ठाणं मांडलं, आणि १८४२मध्ये तिथूनच 'ज्ञानोदय' सुरू झालं.

छापखान्यात अक्षर म्हणजे हातात धरायची वस्तू. इंग्रजी जुळाऱ्यापुढे मोजके खिळे असत. देवनागरीचे शेकड्यांनी, कारण जोडाक्षरं, मात्रा, रफार यांचे तुकडे वेगळे. ते कमी व्हावेत म्हणून लोकमान्य टिळकांनीही खटपट केली होती.

इकडे अमेरिकेत अक्षरं मोजणं हा खेळ झाला. २१ डिसेंबर १९१३ला 'न्यूयॉर्क वर्ल्ड'मध्ये आर्थर विनचं शब्दकोडं छापून आलं आणि पुढे त्याचं वेडच पसरलं. बेकार झालेल्या आल्फ्रेड बट्स या वास्तुविशारदानं वर्तमानपत्राच्या पानांवरची अक्षरं मोजली. कोणतं अक्षर किती दुर्मीळ, यावरून त्यानं गुण ठरवले, आणि त्यातूनच 'स्क्रॅबल' जन्मलं. त्या हिशेबानं काष्टीला १३ गुण मिळतील, पण विशेषनामं चालत नाहीत. १९३५मध्ये कोडेबाजांच्या संघटनेचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी तर लांबीसाठीच एक शब्द घडवला: न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्हॉल्कॅनोकोनिओसिस. ज्वालामुखीच्या बारीक धुळीनं होणारा फुफ्फुसाचा रोग. इंग्रजीत ४५ अक्षरं. देवनागरीत मोजा, २२ भरतात. म्हणजे 'सर्वांत लांब शब्द' हा मान निम्मा लिपीचाच.

१९७३मध्ये बेल लॅब्जच्या केन थॉम्प्सनचा 'ग्रेप' हा प्रोग्रॅम युनिक्समध्ये आला आणि शब्दाच्या पोटातलं अक्षर शोधणं एका ओळीच्या आज्ञेवर आलं. शब्दांची यादी द्या, अक्षरांचा नमुना द्या, जुळेल ती प्रत्येक ओळ समोर. आजच्या शोधखिडक्यांमागे त्याच जातीची कल्पना आहे.

मराठीत हेच करून पाहा आणि गंमत बघा. 'क' असलेले शब्द मागितले तर यंत्र 'परीक्षा'ही काढून देतं. चौथीतलं पोर म्हणेल, यात 'क' कुठाय? शाळेच्या तक्त्यावर 'क्ष' वेगळाच, शेवटी बसलेला. यंत्राच्या लेखी मात्र तो क, हलन्ताची खूण आणि ष असा तीन तुकड्यांचा. ही मोजणी ठरली भारतीय भाषांसाठीच्या 'इस्की' या संकेतप्रणालीत, आणि १९९१मध्ये युनिकोडनं तिचीच मांडणी घेतली. त्या मोजणीनं काष्टीचे तुकडे होतात क, काना, ष, हलन्त, ट, वेलांटी. सहा! फलाटावरच्या इंग्रजी पाटीइतकेच.

यात नुकसान कुणाचं? इंग्रजी शब्दांचे खेळ, स्पेलिंगच्या स्पर्धा, लांबी आणि अक्षरं देऊन शब्द सांगणारी साधनं यांचा मोबाईलवर ढीग आहे. मराठी माध्यमातल्या मुलाला स्वतःच्या भाषेत असं खेळायचं असेल तर आधी यंत्राला 'अक्षर' म्हणजे काय हे शिकवावं लागतं: स्वरचिन्हासकट, जोडाक्षरासकट, एका घरात मावेल ते. हे तंत्रानं अवघड नाही. वर्तमानपत्रांतले मराठी शब्दकोडी रचणारे हातानं तेच करत आले. त्यांच्या एका चौकोनात 'ष्टी' बसते, आणि तिथून उभा जाणारा शब्दही 'ष्टी'वाला लागतो.

दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' १९३२ ते १९३८मध्ये सात खंडांत निघाला. त्यात 'गोष्टी', 'दृष्टी', 'वृष्टी', 'सृष्टी' या भावंडांची घरं ग, द, व, स अशी लांबलांब पडतात. तो आणि मोल्सवर्थ दोन्ही आता शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. शेवटी 'ष्टी' येणारे तुम्हाला आणखी किती आठवतात, ते कोश उघडण्याआधी मोजा.