व्हिजिलांटी : जागल्याच्या हातातला फास

‘व्हिजिलांटी’ हा शब्द इंग्रजीत स्पॅनिशमधून आला. मूळ अर्थ पहारेकरी, आपल्याकडचा जागल्या. पण जागल्या हाळी देतो, फास आवळत नाही; व्हिजिलांटी मात्र कायदा हातात घेऊन तो आवळतो. अमेरिकेत, आजच्या मोंटानातील सोन्याच्या खाणींवर १८६४च्या आरंभी ‘दक्षता समिती’ने काही आठवड्यांत वीसेक माणसे लटकवली; १० जानेवारीला बॅनक गावी शेरीफ हेन्री प्लमरलाही, खटल्याविना. कोणी म्हणेल, खून-दरोडे माजले होते आणि कायद्याचे न्यायालय दूर होते. खरे आहे, पण त्याच खाण-परिसरातल्या लोकांनी डिसेंबर १८६३मध्ये जॉर्ज आइव्ह्जवरचा खुनाचा खटला थंडीत, उघड्यावर, शेकोटी पेटवून तीन दिवस चालवला, आरोपीच्या वकिलांना बोलू दिले आणि मगच त्याला फाशी दिली. म्हणजे सुनावणी अशक्य नव्हती, ती नकोशी झाली. जागे राहण्याचा खरा अर्थ आरोपीचेही ऐकून घेणे; तो या शब्दातून तेव्हाच निसटला.