ताटी ते काचेचे दार : निवासी आवरणांच्या स्थित्यंतराचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

घराच्या इतिहासात भिंती, छत आणि चौकट यांना जेवढे महत्त्व मिळाले, तेवढे दार-खिडक्यांवरील आवरणांना मिळालेले नाही. ताटी, चिक, झाप, पडदा या वस्तू नाशवंत असल्याने त्यांचे अवशेष फारसे उरत नाहीत. शहरी सदनिकांत दिवाणखाना आणि सज्जा यांच्यामध्ये भिंतभर सरकते काचेचे दार बसविण्याची पद्धत रूढ झाली, तसा त्यावरील आवरणाचा प्रश्न केवळ सजावटीचा मानला जाऊ लागला. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा इतिहासाच्या अंगाने विचार केला आहे. आवरण दाराच्या बाहेरून आत आले, हे या स्थित्यंतराचे मुख्य सूत्र होय, असे येथे प्रतिपादन केले आहे.

काचेपूर्वीची आवरणे

मुक्ताबाईंच्या नावे प्रसिद्ध असलेल्या ताटीच्या अभंगांमुळे 'ताटी' हा शब्द मराठी मनाला परिचित आहे. काटक्या, बांबू वा गवत यांचे विणलेले हे दार उघडल्यावर वाट देई आणि मिटल्यावरही वारा पूर्णपणे अडवीत नसे. याच कुळातील वाळ्याच्या ताट्यांचा उल्लेख अबुल फजलच्या 'आईन-इ-अकबरी'त येतो. वाळ्याच्या मुळांवर पाणी शिंपडले की त्यांतून येणारा वारा गार होतो, हे तत्त्व मोगल दरबाराने वापरले. पुढे इंग्रजांच्या बंगल्यांनीही ते स्वीकारले. 1886 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशात चिक आणि ताटी या दोन्ही शब्दांच्या नोंदी आहेत. मात्र हा गारवा दिवसभर पाणी मारणाऱ्या सेवकांच्या श्रमांवर उभा होता, ही बाब दुर्लक्षून चालणार नाही.

ही योजना कोरड्या हवेतच उपयोगी पडे. विदर्भातील कूलरमध्ये वाळा आजही तेच काम करतो. दमट किनारपट्टीवर मात्र वेगळे उपाय योजले गेले. कोकणात पावसाची झड अडविण्यासाठी पडवीला नारळीच्या झावळ्यांचे झाप बांधीत. गोव्यातील जुन्या घरांच्या खिडक्यांत कालवांचे पातळ, अर्धपारदर्शक शिंपले लाकडी चौकटीत बसविलेले आढळतात. त्यांतून उजेड येई, परंतु उन्हाची तिरीप आणि बाहेरची नजर आत येत नसे. ऊन, वारा, पाऊस आणि नजर या चार गोष्टींचा विचार या आवरणांत वेगवेगळा केलेला दिसतो. शिवाय ऊन वा झड थोपविणारी बहुतेक आवरणे बाहेरच्या बाजूस वा उघाडीच्या चौकटीतच असत.

काचेचे आगमन

महाराष्ट्रातील काचउद्योगाच्या इतिहासात तळेगावचा पैसा फंड काच कारखाना (1908) आणि ओगलेवाडीचा कारखाना (1916) यांना मानाचे स्थान आहे. तथापि ओगल्यांचे नाव घरोघरी पोहोचले ते 'प्रभाकर' कंदिलामुळे. भिंतीची जागा घेणारी काच ही पुढील काळाची देणगी होय. 1959 मध्ये इंग्लंडच्या पिल्किंग्टन कंपनीने वितळलेल्या कथिलावर काच तरंगत ठेवून सपाट पत्रा बनविण्याची प्रक्रिया जाहीर केली. 1990 च्या दशकात अंकलेश्वर व तळोजे येथे या पद्धतीने उत्पादन सुरू झाले आणि मोठ्या आकाराची काच बांधकामात सुलभ झाली.

आधुनिक वास्तुकलेने बाहेरच्या सावलीचे तत्त्व सर्वस्वी सोडले होते असे नाही. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरील 1930 च्या दशकातील इमारतींचे छज्जे आणि ल कॉर्बुझिए यांच्या चंदीगडमधील इमारतींवरील ऊनरोधक जाळ्या याची साक्ष देतात. भिंतभर काचेच्या सदनिकेत मात्र अनेकदा ही सावली गळून पडली आणि तिचे काम आतल्या कापडावर आले.

निवडीचा प्रश्न

साध्या एकेरी पारदर्शक काचेवर पडणाऱ्या सौर ऊर्जेपैकी सुमारे चार पंचमांश भाग आत येतो. तापलेल्या जमिनीतून निघणारी उष्णता मात्र त्याच काचेतून सहज बाहेर जात नाही. आतला पडदा ऊन थोपवितो तेव्हा ते खोलीत शिरलेले असते. फिकट रंगाचे अस्तर त्यातील काही भाग परत फेकते, इतकेच.

म्हणून प्रथम दिशा पाहणे आवश्यक ठरते. पुण्यासारख्या सुमारे साडेअठरा अक्षांशावरील शहरात उन्हाळ्यात दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असल्याने दक्षिणेच्या दारास छज्जा पुरतो. पश्चिमेचे ऊन तिरपे येते. तेथे छज्जा निरुपयोगी ठरून सज्जाच्या बाहेरील कडेस सोडलेली चिकच कामी येते. बांबूची चिक पावसाळ्यापूर्वी उतरवून ठेवावी लागते. आतल्या आवरणाची गती दाराच्या गतीशी जुळावी लागते. लंडनमध्ये 1769 साली एडवर्ड बेव्हन यांनी पेटंट घेतलेल्या प्रकारातील आडव्या पट्ट्यांचा पडदा वर उचलावा लागतो. तो खिडकीस योग्य असला तरी येण्याजाण्याच्या दारास अडचणीचा होतो. उभ्या पट्ट्या वा जमिनीपर्यंतचे कापडी पडदे दाराप्रमाणे बाजूस सरकतात. झिरझिरीत पडदा दिवसा आडोसा देतो, परंतु रात्री दिवा लागला की तो आडोसा उरत नाही. यास्तव जाड व झिरझिरीत अशा दोन थरांची गरज भासते.

समारोप

झाप बांधणारे कुटुंब आपल्या घराच्या बाह्यांगाचे स्वामी होते. सदनिकेत ते बाह्यांग सामाईक असते आणि बाहेर चिक लावण्यास सोसायटीची अनुमती मिळेलच असे नाही. 2018 च्या इको निवास संहितेने शीत प्रदेश वगळता इतर हवामान विभागांत इमारतीच्या बाह्य आवरणातून येणाऱ्या उष्णतेस दर चौरस मीटरला 15 वॅट ही मर्यादा सुचविली आहे. ती पाळली जावयाची असेल तर सावलीचा विचार नकाशावरच व्हावयास हवा. तो न झाल्यास रहिवाशाच्या हाती फक्त पडद्याचे कापड आणि विजेचे देयक उरते. पडद्याची निवड ही वरकरणी घरगुती बाब आहे. परंतु उन्हावरील कुटुंबाचा अधिकार कसा आकुंचित होत गेला, याचा इतिहास तिच्यामागे आहे.