किल्लारीचा भूकंप व भूकंपविज्ञानाच्या मर्यादा

महाराष्ट्राच्या मराठवाडा विभागात ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेला विनाशकारी भूकंप. त्याचे अपिकेंद्र तेरणा नदीच्या खोऱ्यात, लातूर जिल्ह्यातील किल्लारी गावाजवळ होते. हा प्रदेश १९८२ पर्यंत उस्मानाबाद (२०२३ पासून धाराशिव) जिल्ह्यात मोडत असे. भूकंपाची महत्ता ६.२ होती. गणेशविसर्जन आटोपून लोक नुकतेच झोपले होते. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि मातीचे जड थर असलेली माळवदे कोसळून सु. ८,००० माणसे मृत्युमुखी पडली; काही अंदाजांनुसार ही संख्या १०,००० च्या जवळपास होती. उस्मानाबाद जिल्ह्यातील सास्तूर, राजेगाव इ. गावेही उद्ध्वस्त झाली.

या घटनेने भूकंपविज्ञानातील एका दृढ समजुतीस धक्का दिला. भूपट्टांच्या सीमांवर भूकंप का होतात, याचा उलगडा १९६० नंतरच्या दशकात झाला होता. दक्षिण भारताचा प्राचीन ढालप्रदेश अशा सीमांपासून दूर असल्याने तो स्थिर मानला जाई. कोयनेच्या ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाने या समजुतीविषयी शंका निर्माण केली होती. तथापि त्याचा संबंध मुख्यत्वे तेथील जलाशयाशी जोडण्यात आला. भूकंपक्षेत्रांच्या १९८४ च्या भारतीय मानकात किल्लारीचा परिसर सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. वस्तुतः ज्ञात नोंदी काही शतकांच्याच असतात, तर ढालप्रदेशातील एकाच विभंगावरील दोन मोठ्या भूकंपांमध्ये हजारो वर्षांचे अंतर असू शकते. नोंद नसणे म्हणजे धोका नसणे, असा अर्थ घेतला गेला होता.

किल्लारी परिसरात १९९२ साली अनेक लहान धक्के बसले होते व त्यांतील ऑक्टोबरमधील एक विशेष जाणवला होता. आज ते पूर्वसूचक वाटतात. पण अशा बहुसंख्य मालिका मोठा भूकंप न होताच विरून जातात. कोणती मालिका विरेल व कोणती वाढेल, हे आधी ओळखण्याचे खात्रीशीर लक्षण तेव्हा ज्ञात नव्हते व अद्यापही नाही.

भूकंपानंतर केलेल्या छिद्रणात सु. ३३८ मी. जाडीच्या दक्षिण ट्रॅप बेसाल्टाखाली प्राचीन स्फटिकी खडक आढळले. भूपृष्ठावरील भेगांवरून व भूकंपलेखांवरून संपीडनामुळे व्युत्क्रमी विभंगावर हालचाल झाल्याचे दिसले. तथापि हालचाल याच ठिकाणी व याच वेळी का झाली, यावर मतभेद राहिले. धाराशिव जिल्ह्यातील माकणी येथील निम्न तेरणा जलाशयाचा हा परिणाम असावा, असे काही संशोधकांनी सुचविले. कोयनेच्या मानाने हा जलाशय उथळ असल्याने इतरांस ते मान्य झाले नाही. त्याच जिल्ह्यातील तेर या प्राचीन नगरीच्या परिसरात सु. दीड हजार वर्षांपूर्वीच्या भूकंपाच्या खुणा असल्याचे मतही मांडले गेले.

ही मर्यादा केवळ मराठवाड्यापुरती नाही. चीनमधील हायचंग येथे ४ फेब्रुवारी १९७५ रोजी पूर्वसूचनेमुळे अनेक प्राण वाचले. परंतु पुढील वर्षीच्या तांगशान भूकंपात २ लाखांहून अधिक लोक कोणत्याही अधिकृत इशाऱ्याविना मरण पावले. कॅलिफोर्नियातील पार्कफील्ड येथे सु. २२ वर्षांच्या अंतराने भूकंप होत आल्याने पुढील भूकंप १९९३ पूर्वी होईल, असे अनुमान होते. तो २८ सप्टेंबर २००४ रोजी झाला. खोलवरचा ताण व विभंगावरील घर्षण पुरेशा तपशिलाने मोजता येत नाहीत. त्यामुळे भूकंपाची यंत्रणा समजली, तरी त्याची घटिका सांगता येत नाही.

मात्र घटिका अज्ञात असूनही हानी टाळता येते. किल्लारीत अनेकांचे बळी जमिनीच्या कंपापेक्षा घरांच्या रचनेने घेतले. पुनर्वसनात ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. भिंतींना काँक्रीटचे आडवे पट्टे देण्यासारख्या उपायांचा अवलंब झाला. मानकाच्या २००२ च्या आवृत्तीत पहिला विभाग रद्द होऊन किल्लारी परिसर तिसऱ्या विभागात गेला. भूकंपप्रवण नाही असा भूभाग भारतात नाही, हे या बदलाने मान्य केले.