राणीच्या बागेतील वृक्ष

आमच्याकडील माणूस मुंबईस जाऊन राणीची बाग पाहून आला म्हणजे तो हत्ती पाहून आला, वाघ पाहून आला आणि अलीकडे पेंग्विन पाहून आला, असाच त्याचा अर्थ होतो. प्रस्तुत लेखकाने लहानपणी ही बाग प्रथम पाहिली तेव्हा केशवापुरात परतल्यावर सोबत्यांना सांगण्याजोगे जे काही होते ते सर्व पिंजऱ्यांतले होते. पिंजऱ्यांवर सावली धरणाऱ्या झाडांचे नावही त्यात नव्हते. पुढे पुष्कळ वर्षांनी, या बागेचा जन्म प्राण्यांसाठी नव्हे तर झाडांसाठी झाला होता हे वाचनात आले, आणि केवळ झाडेच पाहावयाची असा निश्चय करून मी पुन्हा एकदा भायखळ्यास उतरलो.

नावापासून सुरुवात करणे बरे. १९६९ पासून हिचे अधिकृत नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असे आहे. त्यापूर्वी ते व्हिक्टोरिया गार्डन्स असे होते. परंतु लोकांनी यांपैकी एकही नाव मनापासून घेतलेले दिसत नाही. इंग्रजांच्या राणीचे विशेषनाम त्यांनी पहिल्यापासूनच गाळून टाकले आणि नुसती 'राणी' तेवढी ठेवली. ही राणी कोणती हे ऐकणाऱ्याने आपल्या मनाशी ठरवावे! जुने मुंबईकर 'राणीचा बाग' असे पुल्लिंगी म्हणत, आता बहुतेकांच्या तोंडी स्त्रीलिंगच आहे. व्याकरणाच्या शिक्षकांनी यात लक्ष घालावे असे वाटते, येथे मात्र चालू रूढीच पाळली आहे.

या बागेचे मूळ भायखळ्यास नसून शिवडीस आहे. १८३० मध्ये मुंबईत पश्चिम हिंदुस्थानची कृषि व उद्यानविद्या संस्था स्थापन झाली आणि त्याच दशकात शिवडी येथे तिची बाग उभी राहिली. त्या काळी अशा बागेचा हेतू विहाराचा नव्हता. परमुलखातून आलेली बीजे येथल्या मातीत रुजतात की नाही, कोणते झाड तेल देते, कोणते रंग देते, कोणते लाकूड जहाजाच्या उपयोगी पडते, याचा तपास करावयाची ती जागा होती. पुण्याजवळ दापोडी येथे सरकारनेही १८२८ मध्ये असेच एक वनस्पति-उद्यान काढले होते आणि पुढे डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांनी ते बरीच वर्षे सांभाळले. मुंबईच्या संस्थेचे वैशिष्ट्य असे की तिच्या आश्रयाने १८३९ मध्ये मुंबई व तिच्या आसपासच्या वनस्पतींची एक सूची प्रसिद्ध झाली. ती करणारे जॉन ग्रॅहॅम हे वनस्पतिशास्त्राचे अध्यापक नव्हते, तर टपालखात्याचे अधिकारी होते. सूची छापून पुरी होण्यापूर्वीच ते वारले आणि उरलेले काम निम्मो नावाच्या त्यांच्या मित्राने तडीस नेले. टपालाच्या थैल्या मोजता मोजता रानातल्या गवताची नावे टिपून ठेवणाऱ्या या गृहस्थाविषयी मला नेहमी कुतूहल वाटत आले आहे.

येथे धारवाडचा संबंध येतो, आणि तो ओढूनताणून आणलेला नाही. १९५६ पर्यंत धारवाड जिल्हा मुंबई इलाख्यात व नंतर मुंबई राज्यात मोडत असे, म्हणजे इलाख्याच्या राजधानीतली बाग ही आमचीही बाग होती. परंतु त्याहून जवळचा धागा कापसाचा आहे. १८४० नंतरच्या दशकात अमेरिकन कापसाचे बी हिंदुस्थानात रुजविण्याचे प्रयत्न कंपनी सरकारने अनेक ठिकाणी करून पाहिले आणि बहुतेक ठिकाणी ते फसले. धारवाडच्या काळ्या जमिनीत मात्र ते बी लागले. 'धारवाड-अमेरिकन' या नावाने तो कापूस बाजारात ओळखला जाऊ लागला. त्याची सरकी देशी चरख्यावर नीट सुटत नसे, म्हणून करवतीची यंत्रे आली आणि त्यांच्या दुरुस्तीसाठी धारवाडास कारखाना चालू झाला. हुबळीच्या पेठेला पुढे जी बरकत आली तिच्या मुळाशी हा कापूस आहे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस विलायतेस जाईनासा झाला आणि मुंबईस सोन्याचा पाऊस पडू लागला. राणीची बाग त्याच पावसात वर आली. धारवाडच्या कोणत्या शेतकऱ्याच्या गाठोड्यातला रुपया भायखळ्याच्या कोणत्या झाडाच्या आळ्यात पडला हे कोणास दाखविता येणार नाही, पण शेटसावकारांच्या ज्या औदार्याचे शिलालेख तेथे वाचावयास मिळतात ते औदार्य कोणत्या पिकावर पोसलेले होते हे विसरूनही चालणार नाही.

भायखळ्याची जागा घेऊन १८६१ मध्ये काम सुरू झाले आणि १९ नोव्हेंबर १८६२ रोजी लेडी फ्रिअर यांच्या हस्ते बाग उघडण्यात आली. या सर्व खटपटीत पुढाकार घेणारे डॉ. जॉर्ज बर्डवुड हे जन्माने बेळगावचे. १८३२ साली त्यांचा जन्म तेथे झाला. इलाख्यातील वनस्पतिज पदार्थांची एक मोठी यादी त्यांनी याच सुमारास तयार केली होती. त्यांच्या जोडीला नाना शंकरशेट होते, आणि मूळचे गोमंतकातले डॉ. भाऊ दाजी लाड होते. शिलालेख वाचणारे पंडित म्हणून भाऊ दाजी आपणांस ठाऊक आहेत, परंतु महारोगावर देशी वनस्पतींतून औषध शोधण्यासाठी त्यांनी जे श्रम घेतले त्यांची आठवण या बागेत फिरताना अधिक होते. बागेलगतच्या वस्तुसंग्रहालयाची पायाभरणीही १८६२ मध्येच झाली. पुढे १८६५ मध्ये अमेरिकन युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले, पेढ्या बुडाल्या आणि संग्रहालयाचे काम अर्धवट राहिले. शेवटी सरकारने ते पुरे केले आणि १८७२ मध्ये ते उघडले. १९७५ पासून त्यास भाऊ दाजींचेच नाव आहे. संस्थेचीही पुढे ओढाताण झाली आणि १८७३ मध्ये बाग नगरपालिकेच्या ताब्यात गेली. प्राणी आले ते त्यानंतर, १८९० च्या सुमारास, बागेला नवी जमीन जोडल्यावर.

शिवडीच्या जुन्या बागेचे पुढे काय झाले? १८६५ च्या सुमारास आर्थर क्रॉफर्ड यांच्या अमदानीत तेथे ख्रिस्ती दफनभूमी करण्यात आली. शहराला त्या वेळी ती जागा हवी होती, त्याने ती घेतली. या निर्णयाला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण एवढे ध्यानात घ्यावे की मुंबईने आपली एक वनस्पति-बाग एकदा घालविलेली आहे.

आता झाडांकडे वळतो. रस्त्यावरच्या मोटारींचा कोलाहल दरवाजातून आत आल्यावर पन्नास पावलांत मंदावतो, हे पहिले आश्चर्य. दुसरे आश्चर्य उर्वशीचे. हा वृक्ष ब्रह्मदेशातला. पहिल्या ब्रह्मी युद्धानंतर कलकत्त्याच्या उद्यानाचे प्रमुख वॉलिक तिकडे गेले असता एका ओसाड मठाच्या आवारात त्यांना तो दिसला, आणि गव्हर्नर-जनरल अ‍ॅमहर्स्ट यांच्या पत्नीचे नाव त्यांनी त्यास दिले. मराठीने त्यास उर्वशी म्हटले, आणि ते अधिक समर्पक आहे. हिवाळा सरताना लोंबत्या दांड्यांवर तांबडी-पिवळी फुले झुंबरासारखी उतरतात. कोवळी पालवीही प्रथम जिवंत नसल्यासारखी मलूल लोंबते आणि मग हळूहळू ताठ होते. परंतु या वृक्षाचा खरा स्वभाव निराळाच आहे. त्याला बी क्वचितच धरते, आणि रोप करावयाचे तर दाबकलम करून वाट पाहावी लागते. एक वाढलेला उर्वशीवृक्ष गेला तर पैसे मोजून तसा दुसरा आणता येत नाही.

गोरखचिंच आफ्रिकेची. पण ती इंग्रजांनी आणलेली नव्हे. त्यांच्या पुष्कळ आधी व्यापाऱ्यांच्या गलबतांतून ती आपल्या किनाऱ्यास लागली आणि गोरखनाथांचे नाव धारण करून बसली. कृष्णवडाचे पान द्रोणासारखे वळलेले असते, म्हणून कृष्णाने त्यात लोणी लपविल्याची कथा त्यास चिकटली. सीताअशोक येथे आहे, आणि ज्याची फळे खरोखरच मेणबत्त्यांसारखी खोडाला लटकतात तो मध्य अमेरिकेतला वृक्षही आहे. सारांश, पृथ्वीच्या चार कोपऱ्यांतून आलेले हे कुटुंब दीडशे वर्षांत एका अंगणात नांदू लागले आहे.

बागेत परस्थ झाडेच आहेत असे नाही. येथले जवळजवळ सर्वच दुसरीकडून आणून ठेवलेले आहे. घारापुरीचा दगडी हत्ती विलायतेस नेताना फुटला. त्याचे तुकडे येथे आणून पुढे १९१४ मध्ये ते जोडण्यात आले. काळा घोडा चौकातला सातवा एडवर्ड १९६५ मध्ये आपल्या घोड्यासह येथे येऊन दाखल झाला. पेंग्विन २०१६ मध्ये दक्षिण कोरियाहून आले. हे सारे हलविता येते, आणि उद्या कोणास वाटले तर पुन्हा हलविता येईल. मोठ्या झाडाची गोष्ट तशी नाही.

ही भीती काल्पनिक नव्हती. २००७ मध्ये या जागेवर आंतरराष्ट्रीय धर्तीचे प्राणिसंग्रहालय उभारण्याची कोट्यवधी रुपयांची योजना पुढे आली. तिच्याविरुद्ध जे उभे राहिले ते कोणी पुढारी नव्हते. रोज बागेत फिरावयास येणारी आणि झाडांना नावानिशी ओळखणारी काही माणसे, विशेषतः स्त्रिया, यांनी वृक्षांची मोजदाद केली, जाती ओळखून लिहिल्या, वारसा-समितीपुढे कागद मांडले. सुमारे ३,२०० वृक्ष आणि २८६ वृक्षजाती हे आकडे त्या वादात पुनःपुन्हा सांगितले गेले. मूळ योजना मागे पडली आणि बदललेल्या, आटोपशीर स्वरूपातच पुढचे काम झाले. या लढ्यात उपयोगी पडले ते हत्यार म्हणजे यादी. १८३९ मध्ये टपालखात्यातील एका माणसाने जे केले, तेच एकशेसत्तर वर्षांनी या नागरिकांनी केले. ज्याचे नाव लिहिलेले आहे ते तोडताना हात थोडा तरी थबकतो.

निघण्यापूर्वी कैलासपतीखाली काही वेळ बसलो. हा वृक्ष दक्षिण अमेरिकेतला. त्याच्या फुलात मध्यभागी पिंडी आणि तीवर फणा धरलेला नाग दिसतो, म्हणून आपण त्यास महादेवाच्या स्वाधीन केले. शाळेच्या मुलांची एक रांग पेंग्विनांच्या दिशेने घाईने गेली. मागून एक वृद्ध बाई नातवाला घेऊन आल्या. त्यांनी खाली पडलेले एक फूल उचलले, नातवाला त्यातला नाग दाखविला, फूल कपाळाला लावले आणि पदराच्या टोकात बांधून घेतले. "आमच्या गावच्या देवळातही हे झाड आहे, फार पुरातन आहे," असे त्या मला म्हणाल्या. मी मान हलविली. दक्षिण अमेरिकेचा विषय मी काढला नाही.