परिचारिकेची नोंदवही : वागळे इस्टेटीच्या संदर्भात परिचर्या-शिक्षणाच्या मान्यतेचा विचार

ठाण्याच्या वागळे इस्टेटीत १ ऑगस्ट १९६२ रोजी, मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखाली, एका छोट्या समारंभाने महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा जन्म झाला. राज्याच्या औद्योगिक इतिहासात या घटनेचा उल्लेख सहसा चुकत नाही. त्या मानाने कारखान्यांच्या सावलीत उभ्या राहिलेल्या कामगार-रुग्णालयाकडे अभ्यासकांचे लक्ष फारसे गेलेले नाही. १९४८ च्या कायद्याने निर्माण झालेली राज्य कामगार विमा योजना १९५२ साली कानपूर व दिल्ली येथे आणि १९५४ साली मुंबईत सुरू झाली. वागळे इस्टेटीतील रुग्णालय हे तिचेच अपत्य होय. महाराष्ट्रात या योजनेची रुग्णालये दीर्घकाळ राज्य शासनाने चालविली. त्यामुळे तेथील परिचारिकेची जागा ही सरकारी नोकरी ठरली, आणि चाळीत राहणाऱ्या यंत्रकामगाराच्या मुलीला ती जागा घरापासून चालण्याच्या अंतरावर दिसू लागली. ती मिळविण्यासाठी कोणत्या शाळेत शिकावे, हा प्रश्न त्या घरात निघणे ओघानेच आले. वरवर तो घरगुती वाटतो. परंतु त्याचे उत्तर ज्या व्यवस्थेवर अवलंबून होते, ती घडावयास पाऊणशे वर्षे लागली होती.

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १८९१ साली बाई काशीबाई गणपत या परिचर्येचे शिक्षण घेण्यास आल्या. पहिल्या भारतीय परिचारिका म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. त्या काळी 'मान्यताप्राप्त शाळा' हा शब्दप्रयोगच निरर्थक ठरला असता. शिक्षण म्हणजे रुग्णालयाच्या कक्षातील उमेदवारी, आणि प्रमाणपत्र म्हणजे त्या रुग्णालयाच्या अधिकाऱ्यांची सही. ती सही ओळखणारा माणूस जेथवर भेटे, तेथवर त्या प्रमाणपत्राची किंमत. रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली १९०९ साली स्थापन झालेल्या पुणे सेवासदनाने ससून रुग्णालयाच्या आधाराने मराठी स्त्रियांसाठी, विशेषतः विधवांसाठी, हा मार्ग खुला केला. तेव्हा प्रतिष्ठित घरांतून जो विरोध झाला, त्याच्या मुळाशी परपुरुषाच्या शुश्रूषेविषयीचा संकोच व सोवळ्याओवळ्याच्या कल्पना होत्या. शिक्षणाचा दर्जा हा त्या वादाचा विषयच नव्हता. संस्थेचे नाव व रमाबाईंची पुण्याई हीच त्या विद्यार्थिनींची खरी शिफारस होती, असे म्हणावयास हरकत नाही.

अशी शिफारस गावाबाहेर पोचत नाही. ही अडचण इंग्लंडमध्येही होती. तेथे परिचारिकांची सरकारी नोंदवही असावी की नाही, या प्रश्नावर एक पिढीभर वाद चालला. फ्लॉरेन्स नाइटिंगेल स्वतः नोंदणीच्या विरोधात होत्या. चांगल्या परिचारिकेचे शील परीक्षेने मोजता येत नाही, असे त्यांचे म्हणणे. या म्हणण्यात तथ्य होते. तथापि, अनोळखी शहरात नोकरी मागणाऱ्या स्त्रीला त्याचा काही उपयोग नव्हता. १९०१ साली न्यूझीलंडने स्वतंत्र कायदा केला, १९१९ साली इंग्लंडने केला, आणि नोंदणीसाठी लढलेल्या एथेल बेडफर्ड फेनविक यांचे नाव इंग्लंडच्या नोंदवहीत पहिल्या क्रमांकावर लागले.

मुंबई इलाख्यात १९१० च्या सुमारास निघालेल्या बॉम्बे प्रेसिडेन्सी नर्सिंग असोसिएशनने हे काम प्रथम खाजगी पातळीवर केले. तिला कायद्याचे स्वरूप आले ते १९३५ च्या मुंबई कायद्याने. येथे एक गोष्ट विसरता कामा नये. नोंदवही प्रांताची होती. मुंबईत नोंदलेली परिचारिका नागपुरास किंवा हैदराबादच्या मुलखात गेली, तर तिची पात्रता मानणे न मानणे हे तेथील व्यवस्थेच्या मर्जीवर राही. म्हणजेच शाळा निवडणारी मुलगी नकळत आपल्या नोकरीची सीमाही निवडत होती.

ही सीमा पुसण्याचा प्रयत्न म्हणून १९४७ च्या भारतीय परिचर्या परिषद कायद्याकडे पाहावे लागते. या कायद्याची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. त्याच्या परिशिष्टात पात्रतांची यादी असून, त्या यादीतील पात्रता कोणत्याही राज्याच्या नोंदवहीत नाव घालण्यास पुरेशी मानावी, असे त्यात म्हटले आहे. १९५७ च्या दुरुस्तीने अखिल भारतीय नोंदवहीचीही सोय झाली. शाळांच्या तपासणीची तरतूद त्यात आहे खरी. पण ती पात्रतेच्या मान्यतेचे साधन म्हणून. कायद्याने मान्यता दिली ती पदविकेला. लोकांनी मात्र ती शाळेची मान्यता समजली, आणि व्यवहारात परिषदेच्या यादीत शाळेचे नाव आहे की नाही हेच पाहिले जाऊ लागले. पुढील सर्व गोंधळाचे बीज येथे आहे.

महाराष्ट्र राज्य झाल्यावर मुंबई, विदर्भ व मराठवाडा यांचे निरनिराळे कायदे एकत्र करणे भाग होते. ते काम १९६६ च्या महाराष्ट्र परिचारिका कायद्याने केले. वागळे इस्टेटीतील पहिल्या पिढीच्या मुली वयात येत होत्या तो हाच काळ.

जागांची वाण नव्हती. भोर समितीने १९४६ साली दिलेल्या आकड्यानुसार देशात ४३,००० लोकसंख्येमागे अवघी एक परिचारिका होती. इतका तुटवडा असता मान्यतेची चिकित्सा कशाला, असे कोणासही वाटेल. प्रत्यक्षात तुटवड्यानेच चिकित्सेची गरज वाढविली. माणूस मिळेना म्हणून खाजगी दवाखान्यांनी अर्धशिक्षित मुली कमी वेतनावर ठेवल्या, आणि त्यांना 'नर्स' हेच नाव मिळाले. शासनानेही १९५० नंतर साहाय्यक परिचारिका-प्रसाविका हा लहान अभ्यासक्रम सुरू केला. तो मान्य होता, पण त्याची नोकरी निराळी, वेतनश्रेणी निराळी. वरच्या टोकाला १९४६ पासून दिल्ली व वेल्लोर येथे, आणि १९६४ पासून मुंबईत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी विद्यापीठाच्या लीलाबाई ठाकरसी महाविद्यालयात पदवीचे शिक्षण मिळू लागले. अशा रीतीने एकाच पांढऱ्या गणवेशाखाली तीनचार प्रकारच्या स्त्रिया काम करू लागल्या. रुग्णाला भेद कळत नसे. वेतनपत्रकाला तो बरोबर कळे.

१९४७ च्या कायद्यातील ती संदिग्धता अखेर न्यायालयात उघडी पडली. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०१७ साली असा निर्णय दिला की, केंद्रीय परिषदेचा अधिकार पात्रतेपुरता असून संस्थांना मान्यता देण्याचा अधिकार तिला नाही. कायद्याच्या शब्दांकडे पाहता हा निष्कर्ष अनपेक्षित नव्हता. परंतु केरळातून कर्नाटकात शिकावयास गेलेल्या मुलींना तो जाचक झाला. परिषदेच्या यादीत आपल्या महाविद्यालयाचे नाव नसेल तर स्वराज्यात किंवा परदेशात नोकरी मिळेल काय, शैक्षणिक कर्ज बँक देईल काय, ही चिंता त्यांच्यापुढे उभी राहिली. कायदा बरोबर आणि घर अडचणीत, असा हा प्रसंग होता.

वागळे इस्टेटीचे रूप दरम्यान पालटले. अनेक कारखाने गेले, कचेऱ्या आल्या, कामगार-रुग्णालय राहिले. ठाणे-कल्याण पट्ट्यात खाजगी रुग्णालये वाढली आणि काही महिन्यांत 'नर्सिंग' शिकविणारे वर्गही निघाले. असा वर्ग पुरा केलेली मुलगी खाजगी दवाखान्यात किंवा वृद्धाच्या घरी शुश्रूषेचे काम मिळविते. राज्याच्या नोंदवहीत नाव नसल्याने सरकारी परिचारिकेची जागा व परदेश या दोन्ही वाटा तिला बंद असतात. पदविकेच्या शाळांतही फरक आहेच. परिषदेच्या निकषांनुसार शाळेमागे निदान १०० खाटांचे स्वतःचे रुग्णालय असावे लागते. प्रवेशापूर्वी यादीतील नावाइतकीच या रुग्णालयाची चौकशी करणारे पालक जुन्या उमेदवारी पद्धतीचे मर्म जाणतात.

२०२३ साली संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोगाचा कायदा संमत केला. त्यात नोंदणीसाठी एक मंडळ असून संस्थांची तपासणी व प्रतवारी करण्यासाठी दुसरे स्वतंत्र मंडळ योजिले आहे. १९४७ साली जो अधिकार स्पष्ट शब्दांत लिहावयाचा राहिला होता, तो ७६ वर्षांनी कायद्याच्या पानावर आला.