'नेम' शब्दाचा उच्चार

इंग्रजी 'नेम' शब्दांतील स्वर आपण सरळ 'ए' म्हणतों. लंडनचा सुशिक्षित मनुष्य मात्र 'ए' म्हणतां म्हणतां जीभ 'इ'कडे उचलतो. भर पहिल्या स्वरावर, दुसरा नुसता ओझरता. हा संयुक्त स्वर साधावा म्हणून शाळेंत असतां मीं मुलांच्या हातांवर पुष्कळ छड्या मारल्या. पुढें इंग्रजी भाषेचा इतिहास वाचला आणि ओशाळलों.

चौदाव्या शतकांत, चॉसर कवीच्या काळीं, या शब्दांत दीर्घ 'आ' होता. उच्चार जवळजवळ आपल्या 'नाम'सारखा, शेवटीं एक अस्पष्ट 'अ'. (संस्कृत 'नाम' आणि हा शब्द एकाच कुळांतले, हेंहि सांगून ठेवतों.) नंतर इंग्रजीचे सगळेच दीर्घ स्वर जागा सोडूं लागले. इकडे १४७६ सालीं कॅक्स्टननें वेस्टमिन्स्टर येथें छापखाना घातला. लेखन हळूहळू थिजलें, उच्चार चालतच राहिला. 'आ'चा 'ए' झाला, आणि त्या 'ए'ला 'इ'ची शेपटी फुटली ती १८०० च्या सुमारास. स्कॉटलंडांत तर पुष्कळ लोक आजहि सरळ 'ए'च म्हणतात.

म्हणजे ज्या उच्चारासाठीं मीं मुलांचे हात लाल केले, तो अठराव्या शतकांत खुद्द लंडनांत शिष्टसंमत होता!