पानं शिळी का होतात?

मागच्या महिन्यात आमच्या टीममध्ये एक नवीन मुलगी जॉइन झाली. प्रोजेक्ट स्वतःच्या मशिनवर चालू करण्यात तिचे दोन दिवस गेले. शेवटी बिचकतच माझ्याकडे आली, "मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय." चूक तिची नव्हतीच. सेटअपचं पान मी लिहिलं होतं, दोन वर्षांपूर्वी, एका वर्ड फाइलमध्ये. कोड पुढे गेला, पान तिथेच राहिलं. लाज वाटली. म्हटलं, या वीकएन्डला प्रोजेक्टची साधीशी डॉक्युमेंटेशन साइट उभी करायचीच. आणि नेहमीप्रमाणे काम सोडून इतिहासात शिरलो :-)

सुरुवात युनिक्सपासून. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांच्या मॅन्युअलची पहिली आवृत्ती ३ नोव्हेंबर १९७१ची. एकेका कमांडला तिचं पान आणि पानांवर ठरलेले मथळे. त्यातले दोन मला फार आवडले: 'बग्ज' आणि 'ओनर'. म्हणजे हे कुठे गंडतं ते लिहून ठेवायचं, आणि विचारायचं कोणाला तेही. माझ्या फाइलमध्ये यातलं काहीच नव्हतं.

आता पायथनची गोष्ट. त्याचं डॉक्युमेंटेशन बरीच वर्षं लाटेकमध्ये होतं. फाइल्स कोडच्या शेजारीच होत्या, पण लाटेकच्या खुणा न येणाऱ्याने दुरुस्ती करायची कशी? प्रोजेक्टवालेच सांगायचे की लाटेक शिकायची गरज नाही, साधा मजकूर पाठवा. ठीक आहे, पण मग त्या खुणा घालायचं काम दुसऱ्या कोणाच्या तरी डोक्यावर!

गेऑर्ग ब्रँडल यांनी २००७ मध्ये हे सगळं रीस्ट्रक्चर्डटेक्स्टमध्ये आणायचं काम हाती घेतलं. यात मथळ्याखाली बरोबरच्या चिन्हांची ओळ मारली की झालं, आपण साध्या ईमेलमध्ये करतो तसंच. त्यातून वेबपानं बनवणारं त्यांचं टूल म्हणजे स्फिंक्स. ते मार्च २००८ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं आणि ऑक्टोबरमध्ये आलेल्या पायथन २.६चं डॉक्युमेंटेशन त्यावरच बनलं.

तरी एक अडचण उरलीच. पानं बनवून सर्व्हरवर चढवायची कोणी? हाताने करायचं म्हटलं की माणूस विसरतो, आणि पान शिळं होतं. २०१० मध्ये जँगो डॅश नावाची ४८ तासांची स्पर्धा झाली. तिच्यात एरिक होल्शर, चार्ल्स लायफर आणि बॉबी ग्रेस यांनी 'रीड द डॉक्स' बनवलं. ते रिपॉझिटरीतून मजकूर उचलतं, पानं बनवतं आणि साइटवर लावतं. म्हणजे तेही वीकएन्डचंच काम!

मला यातून एक गोष्ट पटली. आपण उगाच म्हणतो की प्रोग्रामर आळशी, लिहीत नाहीत. खरं म्हणजे, चूक दिसल्या जागीच दुरुस्त करता आली तर लोक करतात.

मग काम तासाभराचंच निघालं. स्फिंक्स-क्विकस्टार्ट चालवलं, चार-पाच प्रश्नांची उत्तरं दिली, सेटिंगची एक फाइल आणि पहिलं पान तयार. 'मेक एचटीएमएल' म्हटलं की साइट हजर. कोड ऑफिसचा, म्हणून साइट आतल्याच सर्व्हरवर. कमिट झालं की पानं आपोआप नव्याने बनतात. पानं फक्त चार: इन्स्टॉल, पहिला रन, सेटिंग्ज आणि 'कुठे गंडतं'. प्रत्येकाखाली ओनरचं नाव.

सोमवारी तिला म्हटलं, "जरा वाचून बघ." अर्ध्या तासात तिचं कमिट आलं, एका ओळीचं. पोर्ट नंबर मी परत चुकवला होता. पण या वेळी ती बिचकत विचारायला आली नाही. तिने तो सरळ दुरुस्त केला.

असो. तुमच्या प्रोजेक्टचं सेटअपचं पान तुम्ही शेवटचं कधी वाचलंत?